भरमाची पावलं, आण्णांचे पॉइंट

"विमावाली बाई आली, आता मरणाची भाषा सुरू होणार," असं पुटपुटत पंखा बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. उकडलं की बाई लवकर उठते, असा त्यांचा अंदाज. मी उठत नाही. पदरानं वारा घेत बसते आणि पाणी मागते. पाणी दिलं की माणूस पाच मिनिटं तरी बोलतो, आणि मला पाच मिनिटं पुरतात. आरोग्यविमा विकण्यात मी सव्वीस वर्षं अशीच काढली. आधी निपाणीत, मग बेळगावात, स्कूटरवर.

निपाणीत माझी आई विड्या वळायची. छाती भरून आली की ओवा चघळायची, दवाखान्याचं नाव काढलं की माझ्यावरच ओरडायची. तिचं जे झालं ते झालं. मी या धंद्यात का आले असं कुणी विचारलं तर मी कमिशन असं उत्तर देते, कारण ते लोकांना पटतं. खरं उत्तर आई आहे.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगते. वर्षाला हप्ता भरायचा. दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर खर्च कंपनी देते. वर्ष सुखरूप गेलं तर हप्ता गेला. आमच्या भागातल्या माणसाला हे शेवटचं वाक्य काही केल्या पचत नाही. "म्हंजे आजारी न्हाय पडलो तर पैसे बुडाले की वो!" असं मला तोंडावर सांगणारे शेकड्यांनी भेटले. त्यांना मी काय सांगणार? आजारी पडा, वसूल करा?

मग काही वर्षांमागं कंपन्यांनी पॉइंट आणले. फोनमध्ये अ‍ॅप घ्यायचं. दिवसाला ठरावीक पावलं चाललात की पॉइंट. जिमला गेलात की पॉइंट. वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासून घेतलीत की पॉइंट, तीही तपासणी फुकट. साठलेल्या पॉइंटांवर पुढच्या हप्त्यात सूट, नाहीतर बुटांचं कूपन, नाहीतर जिमचे आणखी दिवस. फुकट ते पौष्टिक! ज्या घरांत माझ्यासाठी पंखा बंद व्हायचा, तिथं कांदेपोहे यायला लागले.

मीही पेटले. एक पॉइंट वाया जाऊ द्यायचा नाही असं माझं ब्रीद झालं. कुठल्या महिन्यात तपासणी केली तर सूट जास्त, जिमच्या दारावरचा चौकोन फोननं कधी स्कॅन करायचा, कूपन कुठल्या तारखेला मरतं, हे मला माझ्या नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ झालं.

निपाणीच्या एका जिमवाल्यानं मला एकदा फोन केला. "आक्का, तुमचे तिगं रिटायर मास्तर सायकलीवर बसून पेपर वाचत्यात. पायडल कुनी मारत न्हाय." मी गेले. खरंच, तीन सायकली, तीन मास्तर, एक पेपर. त्यातले सर्वांत वयस्कर मला म्हणाले, "बाई, नियमात हजेरी लिहिली आहे. व्यायाम कुठे लिहिलाय, दाखवा." मी अ‍ॅप उघडून पाहिलं. खरंच लिहिलेला नव्हता. मी हसत हसत परत आले आणि पुढं वर्षभर हा किस्सा घराघरांत सांगत फिरले. लोकही हसले. नियम असा वाकवायचा असतो, हे मीच माझ्या तोंडानं शिकवत होते, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

बेळगावजवळच्या कंग्राळीच्या कल्लाप्पाआण्णांच्या घरातही मी तो किस्सा सांगितला होता.

आण्णा मच्छेला एका कारखान्यात सुपरवायझर. पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, शर्टाला कडक इस्त्री, स्वभाव भित्रा. त्यांची बायको शांतावहिनी आणि कॉलेजात जाणारी मुलगी श्रेया, या तिघांची पॉलिसी माझ्याकडं. त्याच घरात त्यांचा धाकटा भाऊ भरमा. लग्न केलं नाही. घरची भाजीपाल्याची शेती तोच बघायचा. एके काळी तालमीत नाव कमावलेला गडी, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा. त्याला मी दरवर्षी पॉलिसीचं विचारायची आणि तो दरवर्षी दंडावर थाप मारायचा. "मला काय धाड भरलीया, आक्का? आजार माज्या अंगावर आला तर त्येलाच उचलून आपटतो बगा." सगळे हसायचे. मीही.

अ‍ॅप आलं तेव्हा आण्णांची पावलं काही केल्या भरेनात. कारखान्यात खुर्ची, घरी खुर्ची. एक दिवस मी गेले तर फोनवर सोळा हजार पावलं! मी चकित. "आण्णा, जिंकलात की!"

श्रेया फिसकन हसली. "मावशी, फोन काकाच्या खिशात असतोय. पप्पा सुट्टीदिवशी देतेत त्याच्याकडं. आता तर बाकी दिवशीपण जुना फोन त्याच्याकडंच."

"शेतात फेऱ्या मारतोयच की त्यो," आण्णा लाजून म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

आयत्या बिळावर नागोबा! मी पोट धरून हसले. अहो, हे चालत नाही, नियमात बसत नाही, असं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "भरमा, फोन पाण्यात पाडू नकोस म्हणजे झालं." तिथं मी चुकले. त्याआधीही चुकले असेन, पण ही चूक मला बोट ठेवून दाखवता येते.

त्या वर्षी आण्णांची फुकट तपासणी व्हायची राहिली होती. मी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा ओरडले. "आण्णा, महिनाअखेरीला पॉइंट जातील. उद्या उपाशीपोटी जा लॅबला." पुढच्या आठवड्यात श्रेयाचा मेसेज आला, तपासणी झाली, पॉइंट जमा. मी अंगठा पाठवला.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडं गेले ती कूपन वापरून द्यायला. आण्णांना बूट हवे होते. संध्याकाळची वेळ. वहिनींनी चहा ठेवलेला, बशीत खव्याचा गोड कुंदा. भरमा नुकताच शेतातून आला होता, अंगणातल्या नळाखाली पाय धूत होता. श्रेयानं फोन माझ्या हातात दिला. पॉइंट दिसत होतेच, आणि त्याखाली तपासणीचा रिपोर्ट, कुणी उघडलेलाच नव्हता. या घरात रिपोर्ट म्हणजे पॉइंट मिळाल्याची पावती. मी उघडला.

लाल अक्षरं. उपाशीपोटीची साखर तीनशेच्या वर. तीन महिन्यांच्या सरासरीचा जो आकडा असतो तो जेमतेम साडेपाच-सहा असावा, तो बारा. मी डॉक्टर नाही, पण सव्वीस वर्षांत इतके कागद वाचलेत की एवढा आकडा मला कळतो.

"आण्णा, कुंदा खाली ठेवा," मी म्हटलं. "तुम्हाला साखर आहे. थोडीथोडकी नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडं जायचं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांचे सासरे, म्हणजे आण्णांचे वडील आप्पा, साखरेनंच गेले होते, आधी एक पाय गुडघ्याखाली काढला होता. त्या रडायलाच लागल्या.

आणि आण्णा हसले. चांगले मोठ्यानं. "रडू नगं गं. आक्का, तुमी बी घाबरू नका. त्ये माजं न्हाय वो. मी गेलतो कुठं? भरम्याला धाडलतो की."

"म्हणजे?"

"आधार कार्ड माजं दिलं, रगत त्येनं दिलं. आधारावरचा फोटू तर कुनाचाच वाटत न्हाय. म्हटलं पैलवान गडी, रिपोर्ट झकास येईल, पॉइंट बी जास्त..."

वाक्य तिथंच थांबलं. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं. आम्ही चौघं एकदमच अंगणाकडं वळलो. भरमा उजवा पाय कट्ट्यावर ठेवून करंगळीला बांधलेली चिंधी सोडत होता. हळदीनं पिवळी झालेली चिंधी, आणि आत काळं.

"किती दिवस झालं रं हे?" आण्णांनी विचारलं.

"काट्यानं फाडलंय. महिना झाला आसंल. दुखत न्हाय काय, सोड."

दुखत न्हाय. हे दोन शब्द मी धंद्यात फार वेळा ऐकलेत, आणि मला त्यांचीच सगळ्यांत जास्त भीती वाटते. साखरेनं पायाची जाणीव मरते. खिळा रुतला तरी कळत नाही. हा माणूस महिनाभर कुजणाऱ्या पायानं शेतात फिरत होता, आणि खिशातला फोन एकेक पाऊल मोजून आण्णांना पॉइंट देत होता. बूट त्याच पॉइंटांचे येणार होते. मी फोन उलटा करून ठेवला.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या घरात मीच सांगितली, पण फार उशिरा. तपासणीचे पॉइंट तपासणीला गेल्याचे असतात. रिपोर्ट चांगला आला काय, वाईट आला काय, पॉइंट तेवढेच. ही परीक्षा नव्हतीच. आण्णांनी आपल्या जागी कॉपी करायला हुशार पोरगं बसवावं तसं भावाला बसवलं, अशा पेपराला, ज्यात नापास कुणी होतच नव्हतं. "मग तुमी सांगितलं का न्हाय, आक्का?" वहिनींनी विचारलं. खरंच, का नाही सांगितलं? तारखा सांगितल्या, कूपनं सांगितली. हे सांगायचं सुचलंच नाही.

भरमाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे दुसरी कुस्ती. तो हटायलाच तयार नाही. "कागदावर नाव कुनाचं हाय? आण्णाचं. म्हंजे साकर आण्णाला. मला काय बी झालं न्हाय."

"अरे मर्दा, रगत तुझं हाय की!" आण्णा ओरडले.

"लॅबवाल्यास्नी काय कळतंय? बाटल्या बदलल्या आसतील. परत कर म्हनशील तर तू आदी दे. तू देतोस काय? बोल."

आण्णा खुर्चीत बसले आणि जे बोलले ते मी विसरणार नाही. "पॉइंटाचं निमित्त हुतं रं. मला भ्या वाटत हुतं. आप्पाचा पाय नेला त्या दिवशी मी दारात उभा हुतो. माजं रगत बगायला नगं म्हनून तुला धाडलं."

त्या घरात एवढा मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. भरमानं चिंधी तिथंच टाकली, लंगडत आत आला आणि म्हणाला, "बरं, चल. दोगं बी देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर घेऊन लॅबपाशी उभी होते. आण्णांनी शर्टाची बाही वर केली तेव्हा लॅबमधल्या मुलीला त्यांचा हात टेबलावर दाबून धरावा लागला. डोळे गच्च मिटलेले. भरमा त्यांचा खांदा धरून उभा. मग भरमानं दिलं. दुपारी आकडे आले. आण्णांची साखर अगदी काठावर, गोळीही नको, पोट कमी करा म्हणाले. भरमाची पहिल्यापेक्षा वर.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि नाव विचारायच्या आत दाखल करून घेतलं. आणखी महिना गेला असता तर पाय गुडघ्याखाली काढावा लागला असता, असं त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. आताही पाय वाचेल की नाही हे आठवडाभरानं कळेल म्हणाले. तो आठवडा आण्णा कारखान्यात गेले नाहीत. बाकावर बसून राहायचे, भावाची चप्पल पिशवीत घालून मांडीवर.

आणि त्याच बाकावर, तिसऱ्या दिवशी, त्यांनी मला ते विचारलं.

"आक्का, कंपनीच्या कागदावर साकर माज्या नावावर हाय न्हवं?"

"आहे."

"मग ती माज्याच नावावर ऱ्हाऊ दे. कंपनीत भरम्याचं नाव कुठं बी न्हाय. दवाखान्याचं हे मी बगतो. पन तुमी आजच त्येची पॉलिसी काढा. कोरी. त्येला काय बी न्हाय आसं लिवून. पुढं हुईल ते त्यातनं निगंल. साकर मी घेतो की वो. काय फरक पडतोय?"

साखर जणू शेताचा तुकडा, सातबाऱ्यावर ह्याच्या नावावरून त्याच्या नावावर करायची! पण मला हसू आलं नाही. इतक्या प्रेमानं केलेली इतकी खोटी मागणी माझ्याकडं कधी कुणी केली नव्हती. खोटं कशाला बोलू, मनात आलं की करावं. फॉर्ममध्ये आजाराच्या रकान्यात "नाही" लिहायला किती वेळ लागतो? जगात कुणाला कळणार होतं?

कळणार होतं. खोटं बोलून काढलेली पॉलिसी म्हणजे पत्त्यांचं घर. क्लेम आला की कंपनी दवाखान्याचे जुने कागद उकरते, आणि पहिल्याच कागदावर पॉलिसीच्या आधीची तारीख निघते. अशी घरं कोसळताना मी पाहिली आहेत, नेमकी ज्या दिवशी छप्पर हवं असतं त्या दिवशी. आणि आण्णांच्या नावावर खोटी साखर राहिली, तर उद्या त्यांना खरंच काही झालं तर डॉक्टर कुठल्या कागदावर विश्वास ठेवणार?

मी हे सगळं शांतपणे सांगायला हवं होतं. मी ओरडले. "एकदा रक्त बदललंत, आता आजार बदलता? माझ्याकडून होणार नाही. उलट मी कंपनीला खरं कळवणार आहे. तपासणी तुमची नव्हती, पावलं तुमची नव्हती, सगळं."

"आमी तुमास्नी घरची समजत हुतो," आण्णा एवढंच म्हणाले, आणि पिशवी घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

बरोबर केलं असं माहीत असूनही त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

कळवलं. ब्रँच मॅनेजर माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, कोणी विचारलंय का? कशाला उकरून काढताय?" पण पत्र त्याला पुढं पाठवावं लागलं. कंपनीनं आण्णांचे सगळे पॉइंट काढून घेतले, ताकीद दिली, नवी तपासणी नोंदवून घेतली आणि पॉलिसी चालू ठेवली. माझ्याकडंही खुलासा मागितला. "पावलं भावाची आहेत हे आपणास ठाऊक होते काय?" या प्रश्नासमोर मी "होय" लिहिलं. वार्षिक सत्कारात माझं नाव होतं, शाल वगैरे. ते गेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या शालीवर माझा जीव होता.

भरमाची दोन बोटं गेली. पाय राहिला.

पॉलिसी मात्र त्याला मिळाली नाही. खरं लिहून अर्ज केला, कंपनीनं परत पाठवला. साखर आटोक्यात आणा, जखम भरू द्या, वर्षानं या. वर्षानं पुन्हा केला. घेतला, पण साखरेमुळं जे होईल त्याला आणखी काही वर्षं थांबा, या अटीवर. ते कागद द्यायला मी गेल्या महिन्यात कंग्राळीला गेले. मधल्या काळात आण्णा माझ्याशी फोनवर कामापुरतं बोलायचे, "व्हय" आणि "बरं". दोन हप्ते श्रेयानंच भरले.

भरमा कट्ट्यावर बसला होता. अंगानं निम्मा झालाय, मान आता मान वाटते. कागद उलटेपालटे करून त्यानं बाजूला ठेवले.

"आक्का, एक इचारू? आण्णा खोटं बोलला म्हनून माजा पाय ऱ्हायला. त्यो खरा आसता आनि सोता गेला आसता, तर मी कशाला जातोय लॅबात? मी मेलो आसतो की. आनि तुमी खरं बोलला, तर माजी पॉलिसी गेली. मग बरोबर कोन?"

मी पाणी मागितलं.

तेवढ्यात आण्णा कारखान्यातून आले. मला पाहून थबकले. मग "बसा, आक्का," म्हणाले आणि आत न जाता कट्ट्याच्या खालच्या पायरीवर टेकले. इस्त्रीच्या पँटला माती लागली तरी त्यांनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, तळवा रोज बघायचा, भेग, काटा, फोड काहीही असो, आणि स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. दुसऱ्यानं बघायचा.

आण्णांनी हात पुढं केला. भरमानं पाय मागं ओढला. "आक्कांच्या म्होरं नगं रं. थोरल्यानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा न्हाय."

"आन हिकडं," आण्णा म्हणाले, आणि पाय धरून मांडीवर घेतला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दोन बोटं नव्हती तिथली कातडी अंगठ्यानं दाबून पाहिली, मग राहिलेल्या बोटांच्या बेचकीत, एकेक करून, सावकाश. भरमा माझ्याकडं न बघता शेताकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"हलू नगंस," आण्णा म्हणाले. "आजून टाच बगायची हाय."